डांबराचा उन्हाशी जुना व्यवहार

फ्रान्समधील बर्गंडी प्रांतात, सोन नदीकाठच्या शालों शहराजवळ, सँ-लू-द-व्हारेन नावाचे एक खेडे आहे. तेथील आपल्या घरी राहून जोसेफ निसेफोर नीप्स या खाऊनपिऊन सुखी, परंतु स्वस्थ बसणे ज्याला कधीच मानवले नाही अशा गृहस्थाने 1826 किंवा 1827 साली कथिलाच्या मिश्रधातूचा एक पत्रा घेतला, ज्यूडियाचे म्हणून विकले जाणारे काळे डांबर लव्हेंडरच्या तेलात विरघळवून त्याचा पातळ लेप त्या पत्र्यावर दिला, आणि माडीच्या खिडकीशी मांडलेल्या अंधारपेटीत तो बसवून बाहेरच्या छपरांकडे तिचे भिंग रोखले. निदान आठ तास, आणि काही अभ्यासकांच्या मते कित्येक दिवस, तो पत्रा उन्हाच्या स्वाधीन राहिल्यावर त्याने तो पुन्हा लव्हेंडरच्या तेलाने धुतला. तेव्हा जेथे ऊन पडले होते तेथले डांबर पत्र्याला घट्ट धरून राहिले आणि जेथे सावली होती तेथले तेलाबरोबर वाहून गेले. अंधारपेटीतून घेतलेले आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने छायाचित्र ते हेच. छायाचित्रणाच्या इतिहासकारांनी या पत्र्यावर आपला हक्क इतक्या ठामपणे नोंदविला आहे की त्याच पत्र्यावर दुसऱ्याही एका शास्त्राचा दावा पोचतो, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. डांबर उन्हात ठेवले असता ते पूर्वीचे डांबर राहत नाही, याचा हा एक पक्का, धातूवर उमटलेला दाखला होता.

नीप्सला यातले रसायन ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असण्याचा तो काळही नव्हता. 1827 साली तो इंग्लंडात गेला, तेथील रॉयल सोसायटीपुढे आपली कैफियत ठेवण्याची त्याने खटपट केली; पण कृती गुप्त राखण्याचा त्याचा हट्ट असल्यामुळे सोसायटीने ती दाखल करून घेतली नाही, आणि 1833 साली तो मरण पावला तेव्हा त्याच्या नावाचा बोलबाला फारसा झालेला नव्हता. मात्र त्याने न कळत जो प्रश्न उपस्थित केला, त्याचे जाबसाल पुढे जवळजवळ दोनशे वर्षे चालले, आणि आजही ते प्रकरण निकालात निघाले आहे असे म्हणवत नाही.

डांबर हा एक पदार्थ नव्हे, शेकडो संयुगांची ती दाटी आहे. त्यांतील ज्या कुळाशी आपल्याला येथे कर्तव्य आहे त्याची घडण सांगण्यास सोपी आहे: कार्बनाच्या सहा अणूंचे षट्कोनी वलय, आणि अशी दोन, तीन, पाच वलये कडेला कड लावून एकमेकांना जोडलेली. दोन वलयांचे ते नॅप्थॅलीन, म्हणजे आपल्या पेटाऱ्यांत लोकरी कपड्यांच्या घडीघडीतून ठेवल्या जाणाऱ्या डांबरगोळ्या. तीन वलयांची अँथ्रॅसीन आणि फिनँथ्रीन ही दोन भावंडे. आणि पाच वलयांचे बेंझोपायरीन, ज्याची कुख्याती पुढे येईल. शास्त्रीय परिभाषेत या कुळाला बहुवलयी ॲरोमॅटिक हायड्रोकार्बने म्हणतात. लाकूड, कोळसा, तेल, चरबी, तंबाखू, काहीही अपुऱ्या हवेत जळले की ही संयुगे जन्मास येतात. तेव्हा मानवाने पहिली शेकोटी पेटविली त्याच दिवशी त्यांचा आपल्याशी संबंध जडला असे मानण्यास हरकत नाही. परंतु कोठीच्या कोठी भरून ती मनुष्याच्या दारी येऊन पडली ती मात्र दगडी कोळशाच्या वायूमुळे.

लंडन शहरात 1812 साली वायूदिव्यांची कंपनी सनदशीर स्थापन झाली, आणि पुढील अर्धशतकात युरोपातील लहानमोठ्या शहरांनी तिचा कित्ता गिरविला. मुंबईतही 1860 च्या दशकात रस्त्यांवर वायूचे दिवे लागले. बंद भट्टीत कोळसा तापविला की वायू निघे, मागे कोक उरे, आणि या दोहोंच्या मधोमध एक काळा, चिकट, दुर्गंधी द्रव साचे, ज्याचे काय करावे हे कोणा कारखानदाराला उमगत नसे. काही डांबर गलबतांच्या तळाला लागे, काही लाकडी खांबांना, काही भट्टीतच जाळले जाई, आणि उरलेले जवळच्या ओढ्यानाल्यांच्या पदरी पडे. या उकिरड्यात हात घालणारे रसायनज्ञ मात्र निघाले. नॅप्थॅलीन 1820 च्या सुमारास हाती लागले. 1832 साली पॅरिसमध्ये द्यूमा आणि लोराँ यांनी अँथ्रॅसीन वेगळे काढले. एकेका संयुगाचे शुद्ध स्फटिक बाटलीत भरून पाहण्याची सोय झाली, आणि तेथूनच नीप्सच्या प्रश्नाला रीतसर उत्तर मिळण्यास प्रारंभ झाला.

ते पहिले उत्तर ऊन ज्या नगरीत अगदी मोजूनमापून मिळते अशा सेंट पीटर्सबर्गमधून यावे, हा योग मोठा विलक्षण म्हटला पाहिजे. कार्ल युलियस फ्रिट्शे हा जन्माने सॅक्सनीचा, चाकरीने रशियन शास्त्रपरिषदेचा. निळीपासून ॲनिलीन काढून त्याला ते नाव देणारा तो हाच, आणि थंडीच्या कडाक्याने कथिलाच्या लाद्यांचा भुगा होतो हा पीटर्सबर्गमधील चमत्कार तपासून पाहणाराही हाच. डांबरातील घन हायड्रोकार्बनांवर काम करीत असता 1860 च्या दशकात त्याला असे आढळले, की अँथ्रॅसीनचा स्वच्छ संपृक्त विद्राव उन्हात ठेवला असता त्यातून बारीक स्फटिक खाली बसू लागतात, हे स्फटिक पूर्वीच्या विद्रावकात मुळीच विरघळत नाहीत, आणि वितळविले की त्यांचे पुन्हा अँथ्रॅसीन होते. म्हणजे उन्हाने पदार्थ जाळलाही नव्हता आणि मोडलाही नव्हता. दोन रेणूंची गाठ मारून दिली होती, आणि उष्णतेने ती सुटत होती. हा उलगडा पुढील पिढीने केला, पण निरीक्षण फ्रिट्शेचे होते. डांबराच्या एखाद्या शुद्ध घटकावर प्रकाशाचा अंमल कसा चालतो याची ती पहिल्या नोंदींपैकी एक होय, आणि विस्मरणात गेलेल्या रसायनज्ञांच्या यादीत फ्रिट्शेचा क्रमांक फार वरचा लागावा असे मला वाटते.

त्याच सुमारास अँथ्रॅसीनचे दैव अचानक फळफळले, आणि त्याचा परिणाम आपल्या मुलखापर्यंत पोचला म्हणून थोडे आडवाटेने जाण्यास हरकत नाही. 1868 साली बर्लिनमध्ये ग्रेबे आणि लीबरमान यांनी अँथ्रॅसीनपासून ॲलिझरीन तयार केले. ॲलिझरीन म्हणजे आपल्या मंजिष्ठेची युरोपातील बहीण जी मॅडर, तिच्या मुळातला लाल रंग. पुढच्या वर्षी जर्मन कंपनीने लंडनमध्ये पेटंटासाठी अर्ज केला आणि इंग्रज रसायनज्ञ पर्किन याचा अर्ज दुसऱ्याच दिवशी दाखल झाला. थोड्याच वर्षांत दक्षिण फ्रान्समधील मॅडरची शेती बुडाली. आणि आपल्याकडे खानदेशात व मध्य हिंदुस्थानात आल नावाच्या झाडाच्या मुळ्यांनी जो खारवा रंगविला जाई, ज्या लाल कापडाने सावकारांच्या कीर्द-खतावण्या बांधल्या जात, त्या रंगाऱ्यांचा धंदाही डब्यांतून येणाऱ्या विलायती रंगाने हळूहळू बसविला. ओढ्यात फेकले जाणारे द्रव्य अशा रीतीने सोन्याच्या मोलाचे झाले, आणि मोलाच्या वस्तूकडे शास्त्रज्ञांचे लक्ष जसे जाते तसे ते याकडेही गेले.

विसाव्या शतकाच्या आरंभी उन्हाच्या रसायनाचा सर्वांत मोठा उपासक झाला तो बोलोन्याचा जाकोमो चामिचान. आपल्या सहकाऱ्यासह, पाउल झिल्बरसह, त्याने संस्थेच्या गच्चीवर काचेच्या शेकडो कुप्या मांडल्या आणि महिनोगणती त्या इटलीच्या उन्हात राहू दिल्या. 1912 साली न्यूयॉर्क येथे भाषण करताना त्याने कोळशाच्या युगाचा अंत आणि धूर व धुराडी नसलेल्या कारखान्यांचा उदय यांचे चित्र रंगविले. त्या भाषणातील उत्साह आज वाचतानाही मन प्रसन्न करतो; पण सूर्य हा मनुष्याचा निखळ मित्र आहे हे त्यातील गृहीत मात्र त्याआधी बारा वर्षे एका तरुण विद्यार्थ्याने डळमळीत करून ठेवले होते.

त्या विद्यार्थ्याचे नाव ऑस्कर राब. म्युनिकमध्ये प्राध्यापक टापाइनर यांच्या प्रयोगशाळेत तो डांबरातून मिळणाऱ्या ॲक्रिडीन या संयुगाचा परिणाम पॅरामेशियम नावाच्या सूक्ष्म जीवांवर तपाशीत होता. ॲक्रिडीन हे अँथ्रॅसीनचेच सख्खे भावंड, मधल्या वलयातील एका कार्बनाच्या जागी नायट्रोजन बसलेला. मात्रा तीच, जीव तेच, आणि तरीही मरणाला लागणारा वेळ प्रत्येक खेपेस निराळा येई. शेवटी त्याच्या ध्यानात आले की एके दिवशी वादळामुळे आभाळ काळवंडले होते आणि प्रयोगशाळेत उजेड कमी होता. त्या दिवशी जीव फार उशिरा मेले. 1900 साली त्याने प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा, की ॲक्रिडीन एकटे फारसे घातक नाही, प्रकाश एकटा घातक नाही, दोहोंची युती मात्र प्राणघातक आहे. टापाइनरने पुढे दाखविले की या कटात तिसरा भागीदार हवेतील प्राणवायू आहे. डांबराच्या कारखान्यांतील आणि खांबांना क्रिओसोट हे डांबराचे तेल लावणाऱ्या मजुरांना हे पुस्तकात वाचण्याची गरज नव्हती. अंगावर डांबराची वाफ किंवा धूळ बसली आणि वर ऊन लागले की कातडी भाजल्यासारखी पेटते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

प्राणवायूची भूमिका फ्रेंच आणि जर्मन रसायनज्ञांनी उघड केली. 1926 साली पॅरिसमध्ये मूरू आणि द्यूफ्रेस यांनी रूब्रीन या लाल हायड्रोकार्बनाचा विद्राव उजेडात हवेतील प्राणवायू शोषून रंगहीन होतो आणि तापविला की तोच प्राणवायू परत देऊन पुन्हा लाल होतो, हे दाखविले. 1935 साली अँथ्रॅसीनही उन्हात असाच प्राणवायू पकडते हे सिद्ध झाले. मधल्या काळात हान्स काउट्स्की याने एक फार सुंदर प्रयोग केला. सिलिका जेलच्या काही कणांवर प्रकाश शोषणारा रंग बसविला, दुसऱ्या कणांवर ऑक्सिडीकरण होणारा पदार्थ, आणि दोन्ही प्रकारचे कण एकमेकांत मिसळून प्रकाश पाडला. कणांवरील पदार्थ एकमेकांना शिवू शकत नव्हते, तरीही परिणाम एकाकडून दुसऱ्याकडे गेला. प्रकाशाने चेतविलेला प्राणवायूच मधून दूताचे काम करीत असला पाहिजे, असे त्याने 1931 साली प्रतिपादन केले. तीसेक वर्षे त्याचे म्हणणे फारसे कोणी मनावर घेतले नाही. 1960 च्या दशकात ते खरे ठरले. आज आपण जाणतो की अशा चेतविलेल्या प्राणवायूने आणि इतर मार्गांनी ही संयुगे उन्हात फुटतात, अँथ्रॅसीनचे अँथ्राक्विनोन होते, आणि पुढे वलये तुटून लहान आम्ले निघतात.

हा सर्व व्यवहार निव्वळ कुतूहलाचा राहिला असता, जर डांबराच्या खात्यावर दुसरा एक काळा हिशेब निघाला नसता. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील शल्यविशारद पर्सिव्हल पॉट याने 1775 सालीच धुराडी साफ करणाऱ्या पोरांना पुढे होणाऱ्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला होता. 1915 साली टोकियोत यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना महिनोन्‌महिने डांबर चोळून तो रोग प्रत्यक्ष निर्माण केला. आता आरोपी डांबरातील नेमका कोण, एवढेच ठरायचे होते. लंडनमध्ये केनवे याच्या मंडळीने जंबुपार किरणांत डांबराची विशिष्ट निळसर चमक माग म्हणून धरली, दोन टन डांबर गाळता-गाळता 1933 साली बेंझोपायरीनपाशी येऊन ते थांबले. ज्या गुणामुळे ही संयुगे प्रकाश पितात, त्याच गुणाने त्यांना पकडून दिले.

एकदा ही संयुगे प्रदूषक म्हणून दप्तरी दाखल झाल्यावर सरकारांना आणि अभियंत्यांना साहजिकच वाटू लागले, की ऊन आपले काम फुकट करीत असेल तर ते किती करते याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या अथेन्स गावी रिचर्ड झेप आणि त्याच्या सहकाऱ्याने 1979 साली असा हिशेब पाण्यापुरता मांडला. उन्हाळ्याच्या भर दुपारी, 40 अंश उत्तर अक्षांशावर, स्वच्छ पाण्याच्या अगदी पृष्ठभागाशी बेंझोपायरीनचे प्रमाण निम्म्यावर येण्यास सुमारे अर्धा तास पुरतो, अँथ्रॅसीनला पाऊण तास, फिनँथ्रीनला आठ तासांहून अधिक, आणि नॅप्थॅलीनला 71 तास. पहिल्यांदा वाचणाऱ्यास हे आकडे उलटे वाटतात, कारण सर्वांत मोठा आणि सर्वांत घातक रेणू सर्वांत लवकर फुटतो आहे. कारण असे, की जमिनीवर पोचणाऱ्या उन्हात फार आखूड लांबीचे जंबुपार किरण नसतातच, वातावरणाच्या वरच्या थरातील ओझोन ते अडवितो. नॅप्थॅलीनला नेमके तेच हवे असतात, म्हणून ते उन्हात जवळजवळ उपाशी राहते, आणि वलयांची रचना जसजशी वाढते तसतसा रेणू दृश्य प्रकाशाकडे सरकणारे किरण पिऊ लागतो. अँथ्रॅसीन आणि फिनँथ्रीन यांत अणू तितकेच, प्रत्येकी कार्बनाचे चौदा आणि हायड्रोजनाचे दहा. पण एकात तीन वलये सरळ ओळीत आणि दुसऱ्यात मोडीव, आणि एवढ्या भेदाने आयुर्मानात दसपट अंतर पडते.

या आकड्यांवर विसंबून कोणी निश्चिंत होऊ नये, कारण प्रत्यक्षात ही संयुगे स्वच्छ पाण्याच्या पृष्ठभागाशी निवांत पोहत नसतात. नदी गढूळ असते, ऊन वीतभर खोलीत विझते, आणि हे स्निग्ध रेणू पाण्याला कंटाळून गाळाला चिकटतात. तळाशी गेले की दशकेच्या दशके ते जसेच्या तसे राहतात. पृष्ठभागांची गोष्ट याहूनही बोधप्रद आहे. 1980 च्या सुमारास अमेरिकेत वीजनिर्मितीकेंद्रांतील राखेवर जे प्रयोग झाले, त्यांत सिलिका किंवा ॲल्युमिना अशा पांढऱ्या भुकटीवर पसरलेली ही संयुगे उजेडात लवकर नष्ट झाली, पण कोळशाच्या काळ्या राखेवर बसविलेली तीच संयुगे तासन्‌तास प्रकाशाखाली राहूनही बव्हंशी शाबूत राहिली. काजळीचा कण स्वतःच प्रकाश गिळून टाकतो, आणि त्याच्या बारीक भोकांत दडलेल्या रेणूंपर्यंत तो पोचूच देत नाही. आपला आरोपी पोटाशी धरून बसलेल्या आईसारखा तो वागतो. जे संयुग बाटलीतल्या विद्रावात अर्ध्या तासात अर्धे होते, तेच काजळीच्या पाठीवर बसून देशोदेशीच्या सीमा ओलांडून ध्रुवप्रदेशापर्यंत जाते. शहरातल्या जुन्या दगडी इमारतींवर साचलेला काळा थर पिढ्यान्‌पिढ्या ऊन खात उभा आहे, आणि त्या थराखालच्या पहिल्या वर्षांच्या धुराला त्या उन्हाची गंधवार्ताही नाही.

आणि जेथे ऊन पोचते तेथेही त्याचा न्याय सरळ नसतो. 1983 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात उघड्या पाटांतील पाण्यात अत्यल्प अँथ्रॅसीन सोडले. पाटाच्या सावलीच्या भागातले मासे जगले आणि उन्हातले मेले. राबच्या पॅरामेशियमचीच ही पुनरावृत्ती, पण आता ती उघड्या पाटाच्या पाण्यात झाली. ऊन अँथ्रॅसीनचा फडशा पाडते हे खरे. पण ते माशाच्या पारदर्शक कातडीखाली बसलेले असेल तर फडशा पाडण्याचा खर्च माशाकडून वसूल होतो. मत्स्यबीज आणि पृष्ठभागाशी तरंगणारी अंडी यांच्यावर हा कर सर्वांत जड बसतो.

2010 सालच्या एप्रिलमध्ये मेक्सिकोच्या आखातात विहीर फुटून तेल 87 दिवस वाहत राहिले, तेव्हा त्या तेलाचे बारीक थेंब करून ते पाण्यात विरविण्यासाठी रसायनांचे फवारे मारण्यात आले. त्या खटाटोपाच्या आखणीत ऊन हा घटक जवळजवळ धरलेलाच नव्हता. पुढे 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसले, की पृष्ठभागावरच्या तेलापैकी सुमारे निम्मे तेल उन्हाने काही दिवसांतच ऑक्सिडीकरण पावले होते, आणि अशा बदललेल्या तेलावर फवाऱ्याचा प्रभाव कमी पडतो. नीप्सच्या पत्र्यावरचे डांबर ज्या कारणाने लव्हेंडरच्या तेलाला दाद देईनासे झाले, त्याच्याच जातीचे हे कारण होय. जे रहस्य एका खेडवळ संशोधकाने लेपावर पाहिले, त्याचा विसर पडून लाखो लिटर रसायन समुद्रावर ओतले गेले.

आपल्या किनाऱ्यावरचा अनुभव याला जोडून पाहावा. 2010 सालीच, 7 ऑगस्ट रोजी, मुंबई बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर होऊन तेल सांडले आणि ते उरण-अलिबागकडच्या खारफुटीत शिरले. ऐन पावसाळ्यात आभाळ भरलेले असल्यामुळे ऊन मदतीला येण्याची आशा फारशी नव्हतीच. आणि गोव्यात तर डांबराचे गोळे हा दरवर्षीचा पाहुणा झाला आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी वारा फिरला की कळंगूट, कांदोळी, कोलवा, बाणावली या किनाऱ्यांवर ते येऊन पडतात. दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने 1970 च्या दशकापासून त्यांची पाहणी केली आहे, आणि भर समुद्रातील टँकरांच्या टाक्यांची धुलाई तसेच तेलक्षेत्रे यांच्याकडे बोट दाखविले जाते. समुद्रावर असतानाच उन्हाने आणि लाटांनी त्या तेलाचा हलका भाग उडवून, उरलेल्यावर कठीण साल चढविलेली असते; ती साल काळी असल्यामुळे आतल्या मऊ गाभ्यापर्यंत ऊन पोचत नाही, आणि त्या गाभ्यात बहुवलयी संयुगे कायम राहतात. वाळूवर पडलेला असा गोळा उन्हाच्या भरवशावर सोडला तर उन्हात तापून तो वाळूत झिरपतो, आणि पुढल्या भरतीला पुन्हा वर येतो. तेव्हा टँकर धुणाऱ्याकडून दंड वसूल करणे हा राज्यकर्त्यांच्या हातातला उपाय आहे. आणि तोवर, किनाऱ्यावरचे गोळे फावड्याने उचलून घमेल्यात भरून नेण्यावाचून दुसरा मार्ग नाही.